क्लास कुठला लावला होता?

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

परवा इंटर्नशिप करणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "ताई, यूएसएमएलईला क्लास कुठला लावला होता?" म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करायला द्याव्या लागणाऱ्या परीक्षांना. मी म्हटलं, मंगळवार पेठेत, बाईंच्या स्वयंपाकघरात. तिला चेष्टा वाटली. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. घरी येऊन आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, चहा घे आधी" म्हणून विषयच संपवता.

त्यातल्या स्टेप वन आणि स्टेप टू सीके या ज्ञान तपासणाऱ्या परीक्षांत तुमचा हात नव्हता, हे कबूल. त्या मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन कॉम्प्युटरसमोर बसून दिल्या. तेव्हा पहिलीत तासातासाचे सात ब्लॉक होते, दुसरीत आठ, प्रत्येकात चाळीसपर्यंत प्रश्न. दिवस संपेपर्यंत स्वतःचं नावसुद्धा पर्यायांतून निवडावंसं वाटतं. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला गुण देणंच बंद झालंय, नुसतं पास की नापास. त्यामुळे सगळा भार स्टेप टूच्या गुणांवर येतो. घासून घासून तेही जमलं. अडकले ते बोलण्यात.

बाई, तुम्हाला हे पाठ आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राबून पुढचं शिक्षण, करायची तर बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरला ईसीएफएमजी या तिथल्या संस्थेचं सर्टिफिकेट लागतं. पूर्वी त्यासाठी स्टेप टू सीएस नावाची परीक्षा असायची. आजाऱ्याचं सोंग घेऊन बसलेल्या माणसांना तपासायचं, आणि तेवढ्यासाठी विमानानं थेट अमेरिका गाठायची, कारण दुसरीकडे कुठं केंद्रच नव्हतं. २०२१ मध्ये ती कायमची बंद झाली. आता त्याऐवजी इतर गोष्टींबरोबर ओईटी द्यावी लागते, आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तिच्या बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात. हातात कार्ड येतं, तीन मिनिटं विचाराला, मग पाचेक मिनिटं समोरच्या 'पेशंट'शी बोलायचं. ३५० लागतात. मला पडले ३३०.

घरी सगळ्यांचं एकच, पोरीचं इंग्रजी कच्चं. म्हणून आईनं मला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. पहिल्याच दिवशी तुम्ही भाजी निवडत पेशंट झालात, पोटात दुखतंय म्हणून. मी सुरू झाले, एनी फीव्हर, एनी व्हॉमिटिंग, एनी लूज मोशन. तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत. "इंग्रजीला काय धाड भरली नाही तुझ्या. तू कंडक्टरसारखी तिकिटं फाडायलीस. आता हेच मला मराठीत विचार."

मराठीत विचारलं, तर तेही तसंच निघालं. काय होतंय, कधीपासनं, जेवण जातं का, गोळ्या लिहून देते, पुढचा. ओपीडीत शंभर माणसं रांगेत असताना अंगात मुरलेली ती सवय मला दिसतच नव्हती.

मग दीड महिना आपण तोच उद्योग केला. आधी मराठीत, पेशंटचं पूर्ण होईपर्यंत गप्प बसून. ते जमलं की इंग्रजीत. तुम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर कार्डं लिहायचात. एका कार्डावर पुढं 'हा माणूस तंबाखू सोडायला तयार नाही' आणि मागं कुणाच्या तरी गोरज मुहूर्ताची वेळ! पाच मिनिटांसाठी काकांचं चावीचं गजराचं घड्याळ लावायचात. अंग वाकवून, पदर तोंडाला लावून तुम्ही कागलच्या आजीबाई झालात की मला हसू आवरायचं नाही, आणि हसले की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

एक संध्याकाळ मात्र वेगळी. कार्डावर होतं, नवऱ्याचा रिपोर्ट वाईट आलाय, बायकोला सांगा. मी घाईघाईनं "आय अंडरस्टँड" म्हटलं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग सोंग सोडून सरळ मराठीत म्हणालात, "मला त्या दिवशी डॉक्टरांनी उभ्याउभ्या सांगितलं. खुर्ची होती की तिथं." पुढचं कार्ड त्या दिवशी आपण काढलं नाही. तेव्हापासून मी ओपीडीत नातेवाइकांना आधी बसायला सांगते.

दुसऱ्या वेळी ओईटी निघाली. मग रेसिडेन्सीच्या मुलाखती, कॉम्प्युटरवरच, आपल्याकडची रात्र गाठून. आमच्या गल्लीत सारखी लाईट जायची म्हणून त्याही तुमच्याच माडीवर. नोव्हेंबरातली ती मुलाखत आठवते? खाली वरात आली, बेंजो, हलगी, सगळं. तुम्ही गॅलरीत जाऊन नुसतं एकाचं नाव घेतलंत. शाळेत तुमचा मार खाल्लेला तो पोरगा, त्यानं हलगी खाली ठेवून हात जोडले आणि वरात कोपऱ्यापर्यंत मुकाट्यानं चालत गेली. समोरच्या डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. ते मला विचारत होते, अवघड पेशंटशी तू कशी बोलतेस.

मार्चमध्ये मॅचचा, म्हणजे कुठल्या डॉक्टरला कुठलं हॉस्पिटल त्याचा, निकाल लागला. सोमवारी नुसतं कळतं, जागा मिळाली की नाही. कुठं, ते शुक्रवारी, आपल्या रात्री साडेनऊला. इंटर्नल मेडिसिन, मिशिगन. तुम्ही म्हणालात, "थंडी असणार, गोधडी ने." मी हसले, पण आईनं खरंच शिवायला घेतलीय.

फीचा विषय तुम्ही कधी काढू दिला नाहीत. त्यामुळे एक आगाऊपणा केलाय. सरावात चावी जास्त पिळून घड्याळाची स्प्रिंग मीच तोडली होती, ते मंगळवारी तुमच्या नकळत कपाटावरून उचललं आणि दुरुस्तीला टाकलंय. शनिवारी मिळेल. पावती मीठमसाल्याच्या डब्याखाली आहे. पैसे भरलेत, पुन्हा देऊ नका.

तुमची,
पहिल्यांदा ३३० पडलेली