मग माकडे अजून का आहेत?

महोदय,

विज्ञान शिकवताना दरवर्षी हा प्रश्न हमखास येई: ‘माणूस माकडापासून झाला, तर माकडे अजून का आहेत?’ आजची माकडे आपले पूर्वज नाहीत, भावकी आहेत. चुलत भाऊ म्हणजे आजोबा नव्हे, आणि आपण जन्मलो म्हणून तो नाहीसाही होत नाही. आपले आणि चिंपांझीचे पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकच होते. पुढे वाटा फुटल्या. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची चित्रातली ती प्रसिद्ध रांग म्हणूनच दिशाभूल करते.

पुरावा तर आपल्या पेशीत आहे. चिंपांझीत गुणसूत्रांच्या, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या धाग्यांच्या, २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वजांची दोन गुणसूत्रे जोडली जाऊन आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र बनले. त्या सांध्याच्या खुणा आजही वाचता येतात. हे सांगितले की वर्ग एकदम शांत होई.

एनसीईआरटी या शालेय पाठ्यपुस्तके काढणाऱ्या केंद्रीय संस्थेने २०२२च्या अभ्यासक्रम-कपातीत दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, याचे म्हणूनच दुःख वाटते. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे. पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांनी हे कुठे शिकायचे?

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा