बाळाचे नागरिकत्व आणि तुझे पासष्ट महिने

पुणे

चि. सौ. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "मी अमेरिकन नागरिक आहे, म्हणजे बाळही आपोआप होणार ना?" तेव्हा मी बघून सांगतो एवढेच म्हणालो होतो. आता बघून झाले आहे, आणि आकडेमोड असल्यामुळे ती कागदावर असलेली बरी.

तू अमेरिकेत एडिसनला जन्मलीस तेव्हा आम्ही दोघे नोकरीच्या व्हिसावर होतो, तरीही त्या भूमीवर जन्म झाला एवढ्यानेच तू तिथली नागरिक झालीस. बाळंतपण माहेरी पुण्याला होणार असल्याने बाळाला तो मार्ग नाही. त्याला नागरिकत्व तुझ्याकडून मिळायचे आहे, आणि तिथला कायदा अशा वेळी आईबापांचे केवळ रक्त पाहत नाही, तर त्यांनी त्या देशात किती काळ काढला तेही पाहतो. दोघेही अमेरिकन नागरिक असते तर त्यांपैकी एकाचे पूर्वी कधी तरी तिथे वास्तव्य असणे पुरले असते. पण जावईबापू भारतीय नागरिक आहेत, त्यामुळे बाळाच्या जन्मापूर्वी तू स्वतः अमेरिकेत एकूण पाच वर्षे प्रत्यक्ष राहिलेली असली पाहिजेस आणि त्यांतली निदान दोन वर्षे तुला चौदावे वर्ष पूर्ण झाल्यानंतरची असली पाहिजेत. (14 नोव्हेंबर 1986 पूर्वी जन्मलेल्यांसाठी हीच अट दहा आणि पाच वर्षांची होती, म्हणजे आपल्याला निम्म्यावर आली.) प्रत्यक्ष याचा अर्थ अक्षरशः प्रत्यक्ष. भाड्याचे घर तिथे चालू होते, सामान तिथेच होते, याला किंमत नाही. सुट्टीत इकडे आलेले दिवस वजा होतात.

आता तुझा हिशेब. मार्च 1994 मधला जन्म आणि जून 1997 मध्ये आपण परतलो, ते एकोणचाळीस महिने. मधल्या दीड महिन्याची पुण्याची फेरी वजा जाता सुमारे अडतीस. पुढे एम. एस. साठी ऑगस्ट 2016 मध्ये गेलीस आणि डिसेंबर 2018 मध्ये आलीस, ते अठ्ठावीस. 2017 च्या डिसेंबरातला महिना वजा करता सत्तावीस. एकूण पासष्ट महिने. हवेत साठ, आणि चौदा वर्षांनंतरचे हवेत चोवीस. दोन्हीकडे तू पार आहेस, पण फार मोठ्या फरकाने नव्हे.

हे मांडताना माझ्या ध्यानात आले ते कबूल करतो. मे 2018 मध्ये पदवी हातात पडताच तू परत यावेस म्हणून मी किती हट्ट धरला होता, आणि तू नोकरी धरून आणखी सात महिने राहिलीस म्हणून किती दिवस धड बोललो नव्हतो. तेव्हा माझे ऐकून आली असतीस तर एकूण अठ्ठावन्न आणि नंतरचे वीसच महिने भरले असते, आणि बाळाचा हक्क दोन्ही अटींवर हुकला असता. अशा वेळी नागरिक असलेल्या आजीआजोबांचे वास्तव्य धरण्याची वेगळी तरतूद आहे, पण मी किंवा तुझी आई तिथले नागरिक कधी झालोच नाही, तेव्हा आमचा काही उपयोग नव्हता.

राहिला पुरावा. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, म्हणून मुंबई विमानतळावरचे आपल्याकडचे प्रवेशाचे शिक्के महत्त्वाचे. तुझा पहिला छोटा पासपोर्ट, तिथल्या डॉक्टरांकडचे लसीकरणाचे कार्ड आणि पाळणाघराच्या पावत्या आईने जपून ठेवल्या आहेत. मी त्यांना अडगळ म्हणत असे. विद्यापीठाची गुणपत्रके आणि नोकरीच्या वर्षाचे कराचे कागद तुझ्याकडे असतील. विवाहाचा दाखला आणि महानगरपालिकेकडून मिळणारा बाळाचा जन्मदाखला यांसह हे सारे घेऊन, बाळासकट, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जन्माची नोंद करावी लागेल. अटी पुऱ्या होत असतील तर नागरिकत्व जन्मतःच मिळालेले असते, ही नोंद त्याचा दाखला असते. तरी ती अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच करता येते, आणि कागद जितके जुने होतील तितके सापडेनासे होतात.

एक गोष्ट मात्र घाईने करू नका. वडील भारतीय असल्याने आणि तू इथे रीतसर राहत असल्याने बाळ जन्मतः भारतीय नागरिकही असेल, आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दोन्ही देशांचे पासपोर्ट काढून ठेवू, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. कोणताही अर्ज भरण्यापूर्वी दोघांनी एखाद्या जाणकार वकिलाला भेटा. भारतात राहूनही तिथले कराचे विवरणपत्र दरवर्षी भरताना तू किती वैतागतेस ते मी पाहतोच. त्या नागरिकत्वाबरोबर बाळाच्या मागेही पुढे ते लागेल, हेही जावईबापूंशी बोलून घे.

डिसेंबर 2017 च्या शिक्क्याचे पान तेवढे नागपूरहून फोटो काढून पाठव. माझ्या वहीत त्या महिन्याच्या तारखा अंदाजाने लिहिल्या आहेत.

तुझा,
बाबा