सेखोंची खरी जोखीम धावपट्टीवरच

महोदय,

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांच्यावरील आपल्या पुरवणीतील लेखात त्यांची कामगिरी ‘शत्रूची विमाने पाडली’ एवढ्यावर आटोपली आहे. किती सेबर (पाकिस्तानची लढाऊ विमाने) पडली यावर भारत आणि पाकिस्तान यांचे हिशेब आजही जुळत नाहीत. तो वाद बाजूला ठेवला तरी चालेल, कारण सर्वांत मोठी जोखीम त्याआधीच, उड्डाण करताना होती. लेखात तिचा उल्लेखही नाही.

१४ डिसेंबर १९७१ रोजी सहा सेबर श्रीनगरच्या तळावर चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना आपली दोन नॅट लढाऊ विमाने निघाली. पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन, मागे सेखों. पुढच्या विमानाच्या झोताने उडालेली धूळ बसेपर्यंत मागच्याला थांबावे लागते. सुटल्यावर वेग येईपर्यंत ना वळता येते, ना गोत्ता मारता येतो. श्रीनगर सुमारे ५,४०० फुटांवर असल्याने हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, धाव लांब (डिसेंबरच्या थंडीने थोडी भरपाई होते, पण थोडीच). चाके आत घेऊन वेग धरेपर्यंत विमान मागून येणाऱ्याला आयते सापडते. बॉम्ब पडताना थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) पुढे सारणाऱ्याला हे सगळे ठाऊक असते.

पुढची झुंज झाडांच्या उंचीवर झाली. नॅटला ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, प्रत्येकीला ११५ गोळे. सलग चालवल्या तर पाच-सहा सेकंदांत संपतात, म्हणून नेम बसेपर्यंत बोट आवरावे लागते. पण नेमासाठी समोरच्याच्या मागे राहायचे तर आपली पाठ उघडी पडते, आणि ती राखणारा जोडीदार धुरकट हवेत नजरेआड झाला होता. उंची न सोडता सुमारे ७५ अंश कलून वळताना शरीराचे वजन जवळजवळ चौपट होते. तशात मान वळवून मागे पाहायचे. प्रत्येक घट्ट वळणात वेग घटतो आणि खाली जमीन असल्याने गोत्ता मारून तो परत मिळवता येत नाही.

एका सेबरवर नेम लागल्याची आणि दुसरे पेटल्याची नोंद सेखोंच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात आहे. इतर सेबर मदतीला आल्यावर सामना चारास एक असा झाल्याचेही तेच मानपत्र सांगते.

लेखात ‘त्यांनी विमान सोडले नाही’ असे म्हटले आहे. ते पटत नाही. अखेरच्या क्षणी कॉकपिटचे झाकण उडताना दिसल्याचे सांगितले जाते, म्हणजे बाहेर पडण्याचा प्रयत्न झाला असावा. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या नॅटच्या सीटला पॅराशूट उघडायला उंची लागे, आणि झुंज तर झाडांच्या शेंड्यांवर चालली होती.

— एक वाचक