दोन खेळांच्या मधली सर्कस

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. घोडे, झोके, वाघ, तारेवरची कसरत आणि विदूषक हे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले खेळ जुन्या फिरत्या सर्कशीत एकाच तंबूखाली कोणी आणि कशासाठी आणले, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर तुला कदाचित रुक्ष वाटेल. रिंगण क्षणभरही रिकामे दिसू नये, या एका धडपडीतून ही सारी विविधता जन्माला आली, असे माझे मत आहे.

मूळ घोड्यांत आहे. फिलिप ॲस्टली या घोडदळातल्या माजी शिपायाने १७६८ साली लंडनमध्ये घोडेस्वारीच्या कसरती गोलाकार रिंगणात दाखवायला सुरुवात केली. घोडा ठरावीक वेगाने गोल धावू लागला की तो आणि त्याच्या पाठीवर उभा राहिलेला स्वार असे दोघेही आतल्या बाजूला झुकतात, आणि सरळ रेषेत धावणाऱ्या घोड्यापेक्षा अशा घोड्यावर तोल सांभाळणे सोपे जाते. पुढे ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर व्यासाचे रिंगण सर्वत्र रूढ झाले. पाय घसरू नये म्हणून घोड्याच्या पाठीवर राळेची पूड चोळत असत. परंतु घोडा दमतो, स्वारही दमतो, आणि पैसे मोजून आलेला प्रेक्षक तेवढा वेळ रिकामा बसत नाही. म्हणून ॲस्टलीने दोरावर चालणारे, कोलांट्या मारणारे आणि हातचलाखीने वस्तू झेलणारे कलावंत मधल्या वेळेसाठी आणले आणि त्यांच्या जोडीला एक विदूषकही घेतला. हे पाहुणे पुढे घरचेच झाले.

आपल्याकडेही सुरुवात घोड्यापासूनच झाली. विष्णुपंत छत्रे हे अश्वविद्येचे जाणकार. चियारिनी यांची इटालियन सर्कस पाहिल्यानंतर त्यांनी १८८० साली मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. (घोडे बँडच्या तालावर नाचतात, असे आपण दोघेही छातीठोकपणे सांगत असू. प्रत्यक्षात बँडमास्तरच घोड्याच्या पायांवर नजर ठेवून ताल बदलत असतो.)

तारेवरच्या कसरतीत दोन जाती आहेत, हे मला फार उशिरा कळले. ताणलेल्या तारेवर कसरतपटू आपले शरीर तारेच्या बरोबर वर आणत राहतो. सैल तारेवर मात्र तो वरचे अंग शक्य तितके स्थिर ठेवतो आणि पायांनी तारच आपल्याखाली आणतो. त्याच्या हातातली छत्री केवळ शोभेची नसते, वाऱ्याला अडवून ती तोल सावरायला मदत करते.

झोक्यांविषयी मात्र सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. झ्यूल लेओतार या तरुणाने १८५९ साली पॅरिसमध्ये एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर झेप घेतली, तेव्हा खाली जाळी नव्हती. त्याच्या वडिलांची व्यायामशाळा होती आणि त्याने सराव केला होता तो तिथल्या पोहण्याच्या तलावावर. पुढे समोरच्या झोक्यावर गुडघ्यांनी उलटा लटकून झेलणारा जोडीदार आला आणि खेळाचे रूपच पालटले. झोका वर जाऊन परत फिरण्याआधी क्षणभर जणू थबकतो. त्या क्षणी शरीर हलके वाटते आणि झेप तेव्हाच घ्यायची असते. पापणी लवण्याइतका उशीर झाला तरी जोडीदाराचे हात मागे निघून गेलेले असतात. दोघे एकमेकांचे पंजे धरत नाहीत, मनगटे धरतात, कारण घामेजलेला पंजा सुटतो, तर मनगटाच्या पकडीत एक हात सैल पडला तरी दुसरा धरून राहतो. जाळीत पडणे हीसुद्धा शिकण्याची विद्या आहे. पाठीवरच पडावे लागते. पाय आधी टेकले तर घोटा मोडतो, किंवा जाळीच उसळून माणसाला बाहेर भिरकावते.

तोफेतून माणूस उडवण्याचा खेळ मला कधीच फारसा भावला नाही. १८७७ साली लंडनमध्ये झॅझेल या नावाने खेळ करणारी मुलगी तोफेतून उडाली, ती स्प्रिंगच्या जोरावर. धूर आणि धडाका हा निव्वळ देखावा होता.

वाघ-सिंहांच्या खेळाची आठवण तू हळहळून काढली आहेस. मी हळहळत नाही. आपल्या देशात १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांना मनाई झाली, ती योग्यच झाली. मला त्या खेळापेक्षा त्याच्या आधीची काही मिनिटे अधिक आठवतात. पुढे जोकर बादली घेऊन एकमेकांच्या मागे धावत होते, आणि मागे अंधारात दहा-बारा माणसे लोखंडी जाळ्यांचे तुकडे एकमेकांत अडकवीत रिंगणाभोवती पिंजरा उभा करीत होती. मी सहज मागे पाहिले म्हणून ते मला दिसले. तू हसण्यात दंग होतास. शेवटची कडी बसल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी जोकर बादलीसकट बाहेर पळाले. विनोद किती लांबवायचा, हे पिंजरा लावणाऱ्यांच्या हातावर ठरत होते.

आता आपल्या जुन्या पैजेकडे वळतो. झोक्यांच्या खेळाच्या शेवटी एक जोकर वर चढला, तीनदा त्याचा हात चुकला, आणि अखेर विजार जोडीदाराच्या हातात ठेवून तो जाळीत कोसळला. बिचाऱ्याला काहीच येत नाही, असे तुझे म्हणणे होते. मित्रा, झेलणाऱ्याच्या हातापासून वीतभर अंतरावर, तेही तीनदा, मुद्दाम चुकायचे आणि दर वेळी अचूक पाठीवरच पडायचे, हे काम त्या टोळीतल्या निष्णात माणसावाचून इतर कोणाला जमणार? कोसळल्यावर त्याने जाळीच्या कडेला धरून जी गिरकी घेतली आणि दोन्ही पायांवर तो जमिनीवर उतरला, ती गिरकी आठवून पाहा. पैज मी जिंकली आहे, आणि तू ती अद्याप चुकती केलेली नाहीस.

तुझा,
बालमित्र