खंड्याचा पाय: मेंढरांच्या वाड्यावरच्या मुलास पत्र

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर अर्धं बोलणं झालं आणि रेंज गेली. कळलं ते एवढंच, की तोडणी झालेल्या उसाच्या रानात मेंढरं घातली होती आणि आपल्या खंड्या कुत्र्याच्या पुढच्या उजव्या पायाची, तळव्याची गादी चिरली. बाजरीचं पीठ घेऊन टेम्पो पहाटे तुमच्याकडे निघतोय. त्यात निळ्या पिशवीत सामान ठेवलंय, हे पत्रही त्यातच. पिशवीतलं काही वापरायच्या आधी पत्र वाच.

उसाचा बुडखा कोयत्याने तिरका तुटतो आणि वाळला की त्याच्या कडेला धार येते. मेंढराच्या खुराला त्याचं काही वाटत नाही. कुत्रा मात्र कुणाच्या मागे सुटला की सगळं अंग टाकून त्या बुडख्यावर उतरतो. बोटांखालच्या चार लहान गाद्यांपैकी एखादी चिरली तर निभावतं. मधली मोठी गादी चिरली असेल तर गोष्ट वेगळी, कारण भार तिच्यावर येतो. पाऊल टेकलं की गादी पसरते आणि जखमेची तोंडं फाकतात. कोणती चिरलीय ते तू सांगितलं नाहीस, म्हणून मोठीच धरून लिहितोय.

सगळ्यात आधी त्याला उभा कर आणि नखं बघ. एखाद्या बोटाचं नख इतरांपेक्षा वर उचललेलं दिसलं तर आतली शीर, म्हणजे बोट खाली ओढणारा दोर, तुटलाय असं समज. मग पिशवीला हात न लावता दवाखाना गाठायचा. गादीचा तुकडा लोंबत असेल, आत पांढरं दिसत असेल किंवा काच-काटा आत राहिल्याची शंका असेल, तरीही तेच. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ वर फोन लाव, फिरत्या दवाखान्याची गाडी मिळते. टाके ताज्या जखमेला चांगले बसतात, पहिल्या सहा-आठ तासांत. तुझी जखम आता शिळी झाली. तिला डॉक्टर बहुधा लगेच टाके घालणार नाहीत, आधी साफ होऊ देतील. त्यावरून त्यांच्याशी हुज्जत घालू नकोस.

यातलं काही नसेल तर पुढचं तू करू शकतोस. पण दोघं लागाल, आणि आधी तोंड बांधायचं. खंड्या तुझ्या हातचं खातो हे मला माहीत आहे. जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारा, म्हणून नोकरी करताना मालकाच्या मांडीवर वाढलेली कुत्रीही मी मालकालाच चावताना पाहिली आहेत. दुखणाऱ्या जनावराला ओळख राहत नाही. मऊ कापडाच्या पट्टीचा फास नाकाडावर घे, गाठ हनुवटीखाली आण आणि दोन्ही टोकं कानांमागे बांध. तो धापा टाकत असेल तर थांब, शांत होऊ दे. कुत्रा घाम अंगातून काढत नाही, तोंडानेच गरमी बाहेर टाकतो. तोंड बांधून उन्हात ठेवलास तर पाय राहील बाजूला. आणि चुकून दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. घरचाच कुत्रा आहे म्हणून अंगावर काढायचं नाही.

मग धुणं. सलाईनची बाटली दिलीय. झाकणाला सुईने भोकं पाड आणि दाबून चिरेत धार सोड. संपली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड चमचा मीठ घाल, तेही चालतं. बोटांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने काप, तिथेच माती आणि कुसळं अडकतात. बोटं एकेक फाकवून उजेडात बघ. कुसळ दिसलं तर चिमट्याने ओढ. आयोडीनचं औषध तसंच ओतायचं नाही, पाण्यात टाकून फिक्या चहाच्या रंगाचं करायचं. गडद केलं म्हणजे जास्त गुण येतो असं नाही, उलट नवं मांस जळतं.

आता काकांचं. ते हळद-चुना भरा म्हणतील, किंवा डिझेल लावा म्हणतील, आणि शेवटी ‘कुत्र्याची जीभच औषध’ असं म्हणून मोकळे होतील. त्यांचा मान ठेव, पण ऐकू नकोस. चुना भाजतो. हळदीची पूड चिरेत बसून खडा होते आणि वर खपली धरली की आत पू साठतो. डिझेल कातडी सोलतं, वर खंड्या ते चाटणार. चाटून जखम वरून स्वच्छ दिसते, पण भरू पाहणारं मांस तो रोज खरवडून काढतो. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पाठवलाय. त्याचं बूड कापून कडेला चिकटपट्टी लाव आणि गळ्यात घाल. दोन दिवस रुसेल, मग सवय होईल.

दुखतंय म्हणून तुमच्या डब्यातली गोळी देऊ नकोस. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात घात करतात. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ सालीच बंद झालं, कारण ते टोचलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपली. आपल्या माळावर लहानपणी मी गिधाडं पाहिलीत, तू नाहीस. असो. दुखण्याचं औषध डॉक्टर देतील तेच.

पट्टीत बहुतेकांचं चुकतं ते इथे: कापूस नुसता तळव्याला लावतात. आधी दोन-दोन बोटांच्या मध्ये कापसाची बारीक वळी सरकव, अंगठ्याच्या नखाखालीही. जखमेवर व्हॅसलीनची जाळी ठेव म्हणजे चिकटणार नाही, मग गॉज, मग कापसाचा जाड थर, आणि शेवटी बँडेज. बोटांकडून सुरू करून मनगटाच्या वर ने, नाहीतर चार पावलांत गळून पडेल. मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेव. संध्याकाळी ती हाताला गार लागली किंवा नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली तर पट्टी आवळलीय, ताबडतोब सोड. पट्टी रोज बदल, भिजली तर लगेच. गादीलाच घाम येतो, त्यामुळे कोरड्यातही आतून ओल धरते. दवात किंवा पाटाच्या कडेला नेताना वरून प्लॅस्टिकची पिशवी बांध आणि परत आल्यावर आठवणीने काढ. वास यायला लागला, सूज वर चढली किंवा आळ्या दिसल्या तर घरचे उपाय बंद.

हे सगळं तू करशीलच. मला काळजी आहे ती पुढची. तीन-चार दिवसांनी खंड्या तीन पायांवरून चार पायांवर येईल, शेपटी हलवेल, आणि तुम्ही त्याला मेंढरांमागे सोडाल. तिथेच सगळं उसवतं. वरची कातडी जुळलेली दिसते, पण ती गुलाबी, पातळ असते. घट्ट व्हायला आठवडे लागतात. टाके असते तर तेही दोन-तीन आठवडे ठेवावे लागले असते. म्हणून त्याला वाघरीजवळ, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, साखळीला बांध. लांडगा आला तर तो भुंकेल, आणि भुंकणं हीच त्याची निम्मी राखण. धावायचं काम धाकट्या कुत्रीवर सोपव आणि रात्री तुमच्यापैकी एकाने जागायचं. एक माणूस कमी झोपला तर काही बिघडत नाही. वाडा हलवाल तेव्हा त्याला चालवायचं नाही. घोड्यावर कोंबड्या आणि पिल्लं जातात, तो मावणार नाही. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्याकडून ट्रॅक्टर माग. खत फुकट मिळतंय, तेवढं करेल.

पुढे सोडशील तेव्हा सुरुवातीला मोजा घालून सोड. जुन्या जीनचे दोन शिवून दिलेत, तुझ्या आईने तळाला कातडं लावलंय. लोक हसतील. बैलाला पत्री मारतो, घोड्याला नाल ठोकतो, मग कुत्र्याला मोजा घातला तर हसायचं काय? फक्त वाड्यावर आला की काढायचा.

खायला भाकरीबरोबर दूध आणि रोज एक अंडं दे, मांस भरायला लागतं.

खंड्याचं रेबीजच्या लसीचं कार्डही पिशवीत आहे. यंदाची लस राहिलीय. डॉक्टरांची गाठ पडलीच तर पाय बरा व्हायची वाट न बघता ती टोचता येईल का, एवढं विचार. रेंज मिळेल तिथून जखमेचा फोटो पाठव, पट्टी बांधल्यावरचा नको, आधीचा. पिठाची रिकामी गोणी टेम्पोवाल्याकडे परत दे.

तुझे,
अण्णा