तुझ्या सहा तलंगांसाठी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. सहा तलंगा, म्हणजे अंडी द्यायच्या वयात आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्यास आणि त्यातल्या एकीने पहिलं अंडं घातलं, हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या अंड्यावर रक्ताची बारीक रेघ होती म्हणून तू घाबरलास. पहिल्यावहिल्या अंड्यांवर ती कधी कधी असते, आपोआप थांबते.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. धान्य आंबवून देण्यात खरंच काही अर्थ आहे का आणि ओला पाला किती घालायचा, असं तू विचारलंस. दोन ओळींत सांगता आलं असतं. पण नेमक्या याच दोन गोष्टींत मी पहिल्या वर्षी चुकलो आणि भोगलं ते कोंबड्यांनी. म्हणून सगळं लिहितो.

तेव्हा मी गहू, मका आणि ज्वारी भिजवायचो, तीन दिवस आंबवायचो आणि सोबत पाल्याची जुडी द्यायचो. बस्स, एवढंच. कोंबड्या त्यावर तुटून पडायच्या. बलक गडद झाला, पिसं चकाकायला लागली, मला वाटलं जमलं. दीड-दोन महिन्यांनी अंडी कमी झाली. मग टरफलं पातळ व्हायला लागली. एका सकाळी माझ्या तांबडी कोंबडीखाली हात घातला तर टरफल नसलेलं अंडं हाताला लागलं. नुसत्या पापुद्र्यातलं, अजून कोमट, तळहातावर लिबलिबणारं. ते घेऊन मी बराच वेळ खुराड्यापाशीच बसून राहिलो.

कारण अगदी साधं होतं. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि धान्यात ते जवळजवळ नसतंच. बाहेरून मिळालं नाही की कोंबडी आपल्या हाडांतलं काढून टरफल बनवते, आणि तेही पुरेनासं झालं की असं अंडं येतं. प्रथिनांचंही तेच. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात, मक्यात ती ८-९ टक्केच असतात. दाणा कितीही छान आंबवला तरी त्यात जे मुळात नाही ते कुठून येणार? जे आहे ते पचायला सोपं होतं, एवढंच. ही गोष्ट मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर तांबडीचे हाल झाले नसते. म्हणून तुला पहिल्या पत्रातच सांगतोय. पोटाचा पाया लेयर मॅशचाच, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या तयार भरड खाद्याचाच ठेव. मीही आता मॅशच आंबवतो, त्यात मूठभर अख्खे दाणे असतात. आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम भरलेला ठेव. जिला जेवढा हवा तेवढा ती बरोबर खाते. तो खाद्यात मिसळू नकोस.

मग आंबवायचं तरी कशाला? कारण फायदा खरा आहे. दाण्यातला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात अडकून पडलेला असतो आणि तो सोडवणारं फायटेज नावाचं पाचकद्रव्य कोंबडीच्या पोटात फारसं नसतं. दाणा भिजला की त्याच्यातलंच फायटेज जागं होतं. दाण्याच्या सालीवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही आधीपासून असतात. पाण्याखाली, हवा नसलेल्या जागी ते वाढतात आणि खाद्य आंबट होतं. आंबटपणा चांगला चढला, म्हणजे पीएच साडेचारच्या खाली गेला, की साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना तिथे टिकणं अवघड होतं.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेव. पहिल्या दिवसाचं खाद्य नुसतं भिजलेलं असतं, आंबलेलं नसतं. त्या काळात त्यात बरेवाईट सगळेच जंतू वाढत असतात. खाऊ घालायचं तर एक तर लगेच, नाही तर नीट आंबल्यावर. अर्धवट अवस्थेतलं उन्हात उघडं ठेवून देणं सगळ्यात वाईट.

माझ्याकडे तीन बरण्या आहेत, दोन काचेच्या आणि एक चिनी मातीची. जस्ताच्या बादलीत कधीही आंबवू नकोस, आम्लाने जस्त खाद्यात उतरतं आणि त्याची विषबाधा होते. ॲल्युमिनियमही नको. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेव म्हणजे क्लोरीन बरंचसं उडून जातं. कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम कोरडं खाद्य खाते, म्हणजे तुझ्या सहाजणींचे साधारण ७०० ग्रॅम झाले. त्यातलं निम्मं आंबव आणि निम्मं कोरडंच दे. खाद्य बरणीत अर्ध्याच्या वर भरू नकोस, ते फुगतं. वर दोन-तीन बोटं पाणी राहू दे. झाकण नुसतं टेकव, घट्ट केलंस तर आत वायू कोंडेल. सकाळ-संध्याकाळ लाकडी चमच्याने ढवळ.

उकाड्यात दीड-दोन दिवसांत होतं, थंडीत तीन-चार दिवस लागतात. घड्याळापेक्षा नाकावर विश्वास ठेव. बरणीच्या काचेला कान लावलास तर बारीक चुरचुर ऐकू येते, ढवळलं की तळातून बुडबुड्यांची माळ वर येते आणि दह्यासारखा आंबूस वास सुटतो. तेवढं झालं की गाळून घे. गाळलेलं पाणी वाटीभर राखून पुढच्या बरणीत घाल, ती लवकर तयार होते. वर पातळ पांढरी साय धरली तर ती यीस्टची असते, काढून टाकली की झालं. पण केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, किंवा कुजका वास आला, तर सगळी बरणी खड्ड्यात. वरवरचं काढून खालचं वाचवायला जाऊ नकोस.

तसंच, मुळात बुरशी लागलेलं धान्य आंबवून चालेल असं समजू नकोस. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. शोध घेतला तर खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचं विष सापडलं. अफ्लाटॉक्सिन हे नाव त्यानंतरच आलं. ते विष आंबवून जाईल यावर विसंबता येत नाही.

ओलं खाद्य सकाळी दे, तासाभरात संपेल एवढंच. उरलेलं उचल, भांडं धुऊन पालथं घाल. भांडं खुराड्यात अंथरलेल्या तुसावर ठेवू नकोस. तूस ओलं राहिलं की रक्ती हगवणीला आयतं निमंत्रण मिळतं, आणि ती पिल्लांना फार छळते.

पाल्याचं आता सांगतो. कोंबड्या पाल्यासाठी वेड्या होतात, आणि ते पाहण्यातलं सुख मी शब्दांत नीट मांडू शकत नाही. कोबीचा गड्डा चोचीच्या उंचीवर टांगून बघ. एकजण चोच मारते, गड्डा झुलतो, दुसरी उडी मारून लचका तोडते. कोंडून ठेवलेल्या कोंबड्या कंटाळून एकमेकींची पिसं उपटतात ना, तेही यामुळे कमी होतं. बलकाचा रंग पाल्यातल्या ल्युटीनसारख्या रंगद्रव्यांनी येतो, कोंबडी ती स्वतः तयार करू शकत नाही. एक बलक भरायला साधारण दहा दिवस लागतात, तेव्हा आज पाला सुरू करून उद्या अंडं फोडून बघू नकोस. पण गडद बलक म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. माझ्या त्या पातळ टरफलांच्या अंड्यांचे बलक सुरेख होते.

पाल्यात बहुतेक पाणीच असतं. त्यानेच पोट भरलं तर खरं खाद्य कमी जातं, म्हणून रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको आणि तोही दुपारी. लसूणघास उत्तम, कोबी आणि गाजराचा पाला चांगला. पालक अधूनमधून, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. बटाट्याची हिरवी सालं आणि पाला, अ‍ॅव्होकॅडो, कच्चा राजमा हे अजिबात नको. फवारणी केलेला पाला तर दारातसुद्धा आणू नकोस.

आणि बारीक चिरून दे, टांगलेला गड्डा सोडून. न चिरल्याची शिक्षा माझ्या कबरी कोंबडीला झाली. मी लांब गवत कापून तसंच टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मान आक्रसून कोपऱ्यात उभी. गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपली तर चेंडूसारखी टणक. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी असते. डॉक्टरांनी छोटा छेद देऊन दोरखंडासारखा पिळलेला गवताचा बोळा बाहेर काढला. कबरी वाचली, अजून अंडी देते. पण त्या दोन रात्री तिला टोपलीत उशाशी ठेवून मी जागा होतो. कोंबडीला दात नाहीत, दळायचं काम पोटातले खडे करतात, म्हणून पाला आणि अख्खे दाणे देणार असशील तर बारीक खड्यांचंही भांडं ठेव.

आज रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की एकेकीच्या छातीच्या वर हात लावून बघ. पिशवी भरलेली, मऊ लागेल. उद्या उजाडायच्या आत पुन्हा बघ, रिकामी हवी. पहिली बरणी कधी भरलीस आणि कितव्या दिवशी चुरचुर ऐकू आली ते मला कळव. आणि त्या पहिल्या अंडंवालीचं नाव काय ठेवलंस? ते तू लिहायचं विसरलास.

तुझाच,
जुना मित्र