आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना, गावातल्या आशांकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

‘वय झालं, आता पाय जायचेच’ हे वाक्य तुम्ही आधी आमच्याच तोंडून घालवलंत, त्याबद्दल पहिले आभार. सत्तरीनंतरही मांडीचे स्नायू व्यायामाने बळावतात, हे तुम्ही घरातल्या साध्या खुर्चीवर दाखवून दिलंत.

खुर्चीतून उठता येत नाही तेव्हा बहुतेकदा पाय पुढे पसरलेले असतात, पाठ मागे टेकलेली असते आणि घरचे बगलेत हात घालून ओढत असतात. तुमची रीत अशी: कडेपर्यंत सरकायचं, टाचा गुडघ्यांच्या मागे घ्यायच्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकायचं, मगच उठायचं. जमत नसेल तर खाली घडी केलेली गोधडी घालायची; ताकद आली की काढायची. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून परत बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. आमच्या वहीत आता बीपीशेजारी हा आकडा असतो.

काठी म्हणजे घरात असेल ती, आणि तीही दुखऱ्या बाजूच्या हातात! ती दुसऱ्या हातात हवी. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे पडले तरच त्या पायावरचा भार हलका होतो. उंची चपला घालून, हात खाली सोडून उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीइतकी. तळाचं रबर झिजलं की ओल्या शहाबादी फरशीवर काठीच घसरते, म्हणून तुम्ही प्रत्येक काठी उलटी करून बघता.

गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवून ती ५ आकडे दाबायची, असं १० वेळा. आकडे मोठ्याने म्हणायला लावता, कारण तोंड मिटलं की माणसं श्वास रोखतात.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते लकवा झालेल्यांसाठी: लुळा हात धरून उठवू नका. खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात. ओढलं की सांधा निसटतो आणि मग दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची तरतूद २०१०-११ पासूनच्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात आहेच. आमच्या वाडीपर्यंत ती तुमच्या पायांनी पोचली.

पुढच्या फेरीला काठ्यांची रबरं थोडी जास्त आणा. वाडीवर चार काठ्या बोडक्या आहेत.

तुमच्या,
आशा कार्यकर्त्या